वाटेल ते, पण कोणाला?

जादूगार पत्त्यांचा पंखा उघडून समोरच्या माणसापुढे धरतो आणि म्हणतो, 'कोणतंही पान घ्या.' रशियन जादूगार इथे 'ल्युबूयू कार्तू' म्हणतो. 'ल्युबोय' म्हणजे कोणताही. पत्त्याचे पान तिकडे स्त्रीलिंगी, म्हणून द्वितीयेत त्याचे 'ल्युबूयू' झाले. रशियात घरोघरी खेळला जाणारा कॅट बहुधा छत्तीस पानांचा असतो, तेव्हा घेणाऱ्याला वाटते की छत्तिसांपैकी हवे ते उचलणे आपल्या हातात आहे. प्रत्यक्षात जादूगाराने ठरवलेले पान नेमके त्याच्या बोटांखाली सरकवलेले असते. मग 'ल्युबोय' हा शब्द इथे खोटा पडला का? एक पक्ष म्हणतो, पडला. व्याकरणातले निवडीचे स्वातंत्र्य म्हणजे असलीच हातचलाखी, आणि रशियन व्याकरणात ती अंमळ जास्तच. माझा पक्ष असा की शब्दाने जेवढे कबूल केले होते तेवढे पाळले. आपणच त्याच्याकडून न कबूल केलेले मागत असतो. पतंजलीच्या महाभाष्यापासून आपल्याकडे रीत आहे, की आधी पूर्वपक्ष मांडावा, तोही समोरच्याने 'हेच मला म्हणायचे होते' म्हणावे इतक्या ताकदीने, आणि मग उत्तर द्यावे. तीच रीत इथे पाळतो.

वादाआधी थोडी भूमी आखून घेऊ. मार्टिन हास्पेलमाथ या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने 1997 साली अनिश्चित सर्वनामांवर ग्रंथ लिहिला. चाळीस भाषा बारकाईने तपासून त्याने या सर्वनामांच्या कामांचा एक नकाशा तयार केला. त्यात नऊ ठिकाणे आहेत; एका टोकाला 'कोण ते मला ठाऊक असलेला कोणी एक', तर दुसऱ्या टोकाला 'कोणीही चालेल'. हे दुसरे टोक म्हणजे मुक्त निवड. मराठी माणूस या सगळ्या मुलखात कोणी, कोणीतरी, कोणीही, एखादा, वाटेल तो एवढ्या सामानावर निभावतो. रशियनने मात्र जागोजाग वेगळी चौकी बसवली आहे. 'कोये-क्तो' म्हणजे कोण ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही. 'क्तो-तो' म्हणजे कोणीतरी आले खरे, कोण ते कळले नाही. 'क्तो-निबूद' म्हणजे कोणी का असेना. 'क्तो-लिबो' म्हणजे जवळपास तेच, पण कागदोपत्री थाटाचे. हे सगळे ओलांडल्यावर मुक्त निवडीचा प्रांत लागतो, आणि तिथे 'ल्युबोय', 'क्तो उगोदनो', 'क्तो खोचेश', 'क्तो पोपालो' अशी दाटी आहे. आपला वाद या शेवटच्या चौघांबद्दल आहे.

पूर्वपक्ष : या चौघांचे घराणे जरा पाहा. 'ल्युबोय' आला 'ल्यूबो'वरून, म्हणजे आवडते, प्रिय वाटते. प्रेम करणे याला रशियनमध्ये 'ल्युबीत' म्हणतात. 'उगोदनो' म्हणजे मर्जीस येईल असे. जुन्या काळचा दुकानातला नोकर गिऱ्हाइकापुढे वाकून 'श्तो वाम उगोदनो?' विचारायचा, आपली काय मर्जी? त्याच कुळातला 'उगोदनिक' हा एका अर्थी देवाला प्रिय झालेला संत, म्हणून सेंट निकोलस तिकडे निकोलाय उगोदनिक. आणि दुसऱ्या अर्थी वरच्याची हांजी हांजी करणारा. गोगोलच्या 'रेविझोर' या 1836च्या नाटकात धर्मादाय संस्थांचा एक अधिकारी आहे. त्या संस्थांचे नाव 'बोगोउगोदनी', देवाच्या मर्जीस उतरणाऱ्या, आणि आत रोग्यांचे हाल कुत्रा खाणार नाही. 'खोचेश' म्हणजे तुला हवे आहे, पुन्हा इच्छाच. राहिला 'पोपालो', म्हणजे जे येऊन आदळले, हाती लागले. म्हणजे रशियनमध्ये निवड होते ती कोणाच्या तरी मर्जीने, नाहीतर नशिबाच्या फाशाने. स्वतः विचार करून निवडणारा माणूस यात कुठे आहे? आणि ज्याची मर्जी त्यालाही ही भाषा कर्ता करत नाही, चतुर्थीत बसवते : मला आवडते, मला हवेसे वाटते, मला झोप येत नाही. पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि ऑस्ट्रेलियात अध्यापन केलेल्या अॅना व्हिएर्झबिक्का यांनी 1992 साली हेच मांडले, की रशियनमधल्या असल्या कर्त्यावाचूनच्या रचना जगाकडे पाहण्याची एक दृष्टी दाखवतात. जग आपल्या ताब्याबाहेरचे आहे ही ती दृष्टी. इंग्रजीतला 'एनी' बघा, तो 'एक' या शब्दावरून आला. कोरडा, हिशेबी, कोणाच्या मर्जीचा मिंधा नसलेला.

उत्तरपक्ष : घराण्याचा दाखला खरा आहे. पण चौकशी एकाच घराची केली तर प्रत्येक घर जगावेगळे वाटते. लॅटिनमध्ये 'कोणताही' याला दोन शब्द होते. 'क्वीलिबेत' म्हणजे आवडेल तो, 'क्वीविस' म्हणजे तुला हवा तो. पहिल्यातले 'लिबेत' हे क्रियापद चतुर्थी घेते, 'मला आवडते' या अर्थी, आणि ते 'ल्युबोय'चे सख्खे चुलत भावंड आहे. तेवढेच जवळचे दुसरे भावंड संस्कृतातला 'लुभ्' धातू, ज्याचा लोभ मराठीत हावरेपणाच्या अर्थाने बदनाम झाला, पण पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहिताना अजून माया म्हणून टिकून आहे. रोमन लोकांनी 'मला आवडते' असे चतुर्थीत बसून म्हणत म्हणत अर्धे जग जिंकले. त्यांना कोणी दैववादी म्हणत नाही. आणि मराठी? 'वाटेल तो' यात कोण बसला आहे? तुला वाटेल, मला वाटेल, कोणाला तरी वाटेल. तो माणूस चतुर्थीतच होता आणि पुढे वाक्यातून उठूनच गेला. 'हवा तो', 'पाहिजे तो' यांचीही तीच गत. मला आवडते, मला भूक लागली, मला राग आला, मला सुचले, हे दिवसभर म्हणणाऱ्या मराठी माणसाने रशियन माणसाला 'तुमची भाषा फार परतंत्र' असे सांगणे जरा गमतीचेच होईल. मुक्त निवडीचे शब्द आवडण्या-हवेसे वाटण्याच्या क्रियापदांपासून घडवणे हे एकमेकांशी फार संबंध नसलेल्या भाषांनीही केलेले काम आहे. इंग्रजी 'एनी' हा त्यातला एक वेगळा मार्ग, स्वातंत्र्याचा राजमार्ग खासा नाही.

दुसरी गोष्ट, व्युत्पत्ती ही शब्दाची कुंडली असते, वर्तणुकीचा दाखला नसतो. आजचा रशियन माणूस 'ल्युबोय' म्हणताना प्रेमाचा विचार करत नाही, जसे आपण 'मुळीच' म्हणताना मुळे खणत नाही. पण 'उगोदनो'ची गोष्ट निराळी आहे. तो शब्द अर्धा गोठलेला, अर्धा वाहता आहे, आणि म्हणून त्याच्याकडे जवळून पाहायला हवे. 'कोमू उगोदनो चायू?' हे वाक्य घ्या. यजमान हातात किटली घेऊन विचारतो आहे, कोणाला हवा चहा? इथे 'उगोदनो' हे वाक्याचे जिवंत विधेय आहे आणि 'कोमू', कोणाला, हा प्रश्न आहे. आता हेच दोन शब्द घेऊन कोणी म्हणाले, चहा दे 'कोमू उगोदनो', तर अर्थ झाला, वाटेल त्याला दे. 'कोमू'ची चतुर्थी आता 'देणे' या क्रियापदाने मागितली आहे. चहा नको असलेला माणूसही चालेल. 'क्येम' लावून 'स क्येम उगोदनो' म्हटले की वाटेल त्याच्याशी, 'ओ कोम उगोदनो' म्हटले की वाटेल त्याच्याविषयी. सर्वनाम विभक्तीमागून विभक्ती घेत जाते आणि 'उगोदनो' खांबासारखा उभा. आपला 'वाटेल' नेमका असाच वागतो : वाटेल तो, वाटेल ती, वाटेल त्याला, वाटेल तेव्हा. भविष्यकाळी क्रियापदाचा हा तुकडा लिंग-वचन-विभक्तीला दाद देत नाही. 'हवा' मात्र अजून लवचीक आहे, हवा तो, हवी ती, हवे ते. रशियन 'खोचेश'ही निम्मा लवचीक. अरे-तुरे करताना 'श्तो खोचेश', अहो-जाहो करताना 'श्तो खोतीत्ये'. म्हणजे मर्जी ज्याची त्याचा चेहरा एका शब्दात अजून दिसतो, दुसऱ्यात पुसट झाला, 'ल्युबोय'मध्ये तर पार गेला. पूर्वपक्षाला जी गुलामी दिसते ती या शब्दांच्या वापरातून टप्प्याटप्प्याने झिजत आली आहे.

मग उरते काय? एकच पुस्तक चार तऱ्हांनी मागून पाहू. 'काकूयू-निबूद' पुस्तक दे, म्हणजे एखादे पुस्तक दे. मला वाचायला काही हवे आहे, कोणते ते मी ठरवलेले नाही. 'ल्युबूयू' दे, म्हणजे कोणतेही दे. 'काकूयू उगोदनो' दे, म्हणजे तुझ्या मनाला येईल ते दे, पाहिजे तर शब्दकोश दे. आणि 'श्तो पोपालो' आणून दिलेस, असे कोणी म्हणाले तर ती तक्रार आहे. हाताला लागले ते उचलून आणलेस. पहिल्या आणि दुसऱ्या मागणीतला फरक समजण्यासारखा आहे. एखादे पुस्तक मागणाऱ्याला तुम्ही रेल्वेचे जुने वेळापत्रक आणून दिले तर तो नाक मुरडू शकतो; त्याने फक्त निवड केली नव्हती. 'ल्युबूयू' म्हणणाऱ्याला तो हक्क उरत नाही. मुक्त निवडीच्या सर्वनामाचा गाभा इथे आहे असे मला वाटते. बोलणाऱ्याने आपला आक्षेपाचा हक्क आधीच सोडून दिला, एवढेच हे सर्वनाम सांगते. निवडणाऱ्याच्या मनात किती मोकळेपणा आहे, त्याच्या खिशात किती पैसे आहेत, त्याच्या बोटांखाली कोणते पान सरकवले आहे, याविषयी ते अवाक्षर काढत नाही.

पूर्वपक्ष : हे तुम्ही फारच गुंतागुंतीचे करता आहात. 'कोणतेही' म्हणजे 'सगळी', एवढे साधे तर्कशास्त्र आहे. कोणीही हा प्रश्न सोडवू शकतो, म्हणजे सगळे सोडवू शकतात. हक्क सोडणे वगैरे वरची नक्षी झाली.

उत्तरपक्ष : हे खरे असते तर सफरचंदाच्या टोपलीपुढे घोटाळा झाला असता. 'ल्युबोये' सफरचंद घे म्हटल्यावर पाहुणा एक उचलतो. 'काझ्दोये', म्हणजे प्रत्येक, सफरचंद घे म्हटले तर टोपली रिकामी होते. झेनो वेंडलर याने 1962 साली 'माइंड' या नियतकालिकात इंग्रजी शब्दांविषयी नेमका हा मुद्दा लढवला, की 'कोणतेही' ही वस्तूंची मोजणी नाही, ती समोरच्याला दिलेली एक हमी आहे : तू निवड, मी निभावतो. समोरच्याने एक सफरचंद उचलले की हमी वटली. 'सगळे'ची तशी वटणावळ होत नाही. 'कोणीही हा प्रश्न सोडवू शकतो' यातही बारकाईने पाहिले तर आव्हान आहे, वाटेल त्या मुलाला उभे करा, मी माघार घेणार नाही. जनगणनेचा सूर त्यात नाही.

तर्कशास्त्र इथे किती तोकडे पडते याचा एक नमुना डॅनिश कायदेपंडित आल्फ रॉस याने 1941 साली दाखवला. 'पत्र टाकले' यावरून 'पत्र टाकले किंवा जाळले' हे तर्काने निघते, कारण पहिले खरे असेल तर दुसरे खरे असलेच पाहिजे. पण 'पत्र टाक' या आज्ञेवरून 'पत्र टाक किंवा जाळ' ही आज्ञा काढून दाखवा. कोणीही शहाणा तसे करणार नाही, कारण आज्ञेत किंवा परवानगीत 'किंवा' आला की तो निवड देऊन बसतो. रशियनमध्ये या 'किंवा'ला 'लिबो' म्हणतात, आणि तो 'ल्यूबो'चाच बदललेला उच्चार मानला जातो, आवडेल तर हे, आवडेल तर ते. लॅटिनमधला 'वेल', म्हणजे किंवा, हाही 'इच्छा करणे' या क्रियापदातून आलेला. दोन भाषांनी 'किंवा' आणि 'कोणताही' हे शब्द इच्छेच्या एकाच खाणीतून काढले, यात मला योगायोगापेक्षा जास्त काही दिसते. पर्याय मांडणे आणि निवड सोपवणे या दोन्ही कामांत बोलणारा मागे सरतो.

मागे सरणे नेहमी मायेनेच होते असेही नाही. 'इदी कुदा खोचेश', जा कुठे जायचे तिकडे. आपल्याकडेही भांडण टिपेला गेले की 'काय करायचं ते कर' हे वाक्य येते, आणि ऐकणाऱ्याला आपल्याला स्वातंत्र्य मिळाले असे क्षणभरही वाटत नाही. आक्षेपाचा हक्क सोडणे आणि माणूसच सोडून देणे यांत एका स्वराचे अंतर आहे. मराठीने 'वाटेल'चा ट दुप्पट करून हा स्वर शब्दातच ओतला. 'वाट्टेल ते बोलतो' म्हटले की तिथे निवडीचा आदर संपला, निवडणाऱ्याची अक्कल निघाली. 'काहीही!' हा एकशब्दी उद्गार तर आता 'तू मूर्खपणा करतोस' एवढ्या अर्थावर येऊन ठेपला आहे. रशियनने या कामासाठी 'पोपालो' राखून ठेवला. त्याचा एक फायदा झाला. 'मी काहीही वाचत नाही' हे मराठी वाक्य लिहिलेले पाहिले तर कळत नाही की हा माणूस निरक्षर आहे की चोखंदळ. आवाजाच्या चढउतारावरच भिस्त. रशियन माणूस पहिल्या अर्थी 'निचिवो' म्हणतो, दुसऱ्या अर्थी 'श्तो पोपालो', आणि प्रश्न मिटतो.

पूर्वपक्ष : चला, हमी म्हणा. पण हमी देताना तोंड उघडणारी भाषा निवड झाल्यावर गप्प का होते? काल काय झाले ते सांगताना तुमचा हा शब्द पळून जातो.

उत्तरपक्ष : पळून जातो हे खरे, आणि माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा तोच आहे. 'काल क्तो उगोदनो आला' हे वाक्य रशियन कानाला खपत नाही. मराठीतही 'काल कोणीही आले' एवढेच म्हणून थांबता येत नाही. ऐकणारा 'नाही' या शब्दाची वाट पाहत राहतो. 'कोणीही येऊ शकते', 'उद्या कोणीही येईल', 'कोणालाही बोलवा' ही वाक्ये मात्र सरळ उभी राहतात. भूतकाळातल्या एकेका घडून गेलेल्या प्रसंगाशी हे सर्वनाम जमवून घेत नाही, कारण आलेला माणूस आता कोणीतरी एक ठरला. उघडे दार बंद झाले. हमी फक्त पुढे होणाऱ्या गोष्टीची देता येते. उलट 'पोपालो' भूतकाळात खुशाल नांदतो. उपाशी माणूस दिवसचे दिवस 'श्तो पोपालो' खात होता हे वाक्य बिनतक्रार रशियन आहे, जसे आपण 'मिळेल ते खाल्ले' म्हणतो. का? कारण त्यात निवड कोणी कोणाला सोपवलेलीच नव्हती. आदळले ते खाल्ले. आणि कोणी म्हणाले की त्याने 'श्तो खोत्येल' केले, म्हणजे त्याला हवे होते ते केले, तर 'खोचेश'चे गोठलेपण सुटून क्रियापदाला काळ आणि मालक दोन्ही परत मिळतात. आता ती एका माणसाची एक खरी इच्छा आहे, हमी नव्हे. पूर्वपक्षाने आरंभी मर्जी आणि फासा यांना एकाच दैववादाच्या पोत्यात भरले होते. व्याकरणाने ती दोन वेगळ्या खुंट्यांवर टांगली आहेत, आणि खुंटी ओळखायची तर वाक्य भूतकाळात नेऊन पाहावे.

पूर्वपक्ष : व्याकरण इतके प्रामाणिक असेल तर सोविएत मतपत्रिकेचे काय? अनेक दशके तिच्यावर सूचना छापलेली असे, की ज्याला मत देता त्या एका उमेदवाराचे नाव ठेवा, बाकीची खोडा. आणि छापलेले नाव एकच! हीच तुमची मुक्त निवड.

उत्तरपक्ष : ती सूचना पुन्हा वाचा. तिच्यात 'एका' हा संख्यावाचक शब्द आहे, 'ल्युबोय' नाही. आणि तो बसलाही नसता, कारण या सर्वनामाची पहिली अट पर्याय एकाहून अधिक असण्याची. टेबलावर एकच पुस्तक असताना 'यातले कोणतेही घे' म्हणणारा विनोद करतो आहे हे लहान मुलालाही कळते. खोटेपणा झाला तो 'बाकीची' या शब्दात, नसलेली नावे असल्यासारखी दाखवण्यात. सर्वनाम त्या पापात नव्हते. त्याच काळातल्या दुकानाच्या रांगेत काय बोलत होते तेही पाहावे. रांगेच्या शेपटाला येणारा माणूस 'श्तो दायूत?' विचारायचा, काय देताहेत? विकताहेत काय, असे नाही. 'आपली काय मर्जी' विचारणारा नोकर गेला आणि 'काय देताहेत' विचारणारे गिऱ्हाईक आले. भाषेने परिस्थितीची नोंद कशी तंतोतंत केली, हे मला त्यात दिसते. स्वभावाचा दोष दिसत नाही.

कागदोपत्री भाषाही याच शिस्तीने चालते. रशियाची सध्याची राज्यघटना डिसेंबर 1993 मधली. तिच्या 28व्या कलमात सदसद्विवेकाचे आणि धर्माचे स्वातंत्र्य आहे, आणि त्या एका वाक्यात तीन सर्वनामे आपापली जागा धरून आहेत. हक्क ज्याला मिळाला तो माणूस 'काझ्दी', प्रत्येक. त्याने पाळायचा धर्म 'ल्युबाया', कोणताही. आणि न पाळायचा तर 'निकाकोय', कोणताच नाही. माणसांमध्ये निवड नाही, एकही सुटता कामा नये, म्हणून 'प्रत्येक'. धर्मांमध्ये निवड आहे आणि राज्याने आक्षेप सोडला आहे, म्हणून 'कोणताही'. यातल्या पहिल्या दोघांची अदलाबदल करून पाहा, कलमाचा अर्थ ढासळतो. पूर्वपक्ष लगेच 29व्या कलमाकडे बोट दाखवील, जिथे माहिती मिळवण्याचा आणि पसरवण्याचा हक्क 'कोणत्याही कायदेशीर मार्गाने' असा येतो. कुंपण आहेच. पण ते 'कायदेशीर' या विशेषणाने घातले आहे, आणि पुढे ते कुंपण कोण किती आत सरकवतो हा राजकारणाचा प्रश्न. 'कोणताही' हा शब्द कुंपणाच्या आत एकही वस्तू वगळत नाही, एवढी त्याची नोकरी. पत्त्याच्या खेळातही तेच झाले. घेणाऱ्याने भलतेच पान उचलले असते तर 'ते नको, हे घ्या' म्हणण्याचा हक्क जादूगाराला नव्हता. मुरलेला जादूगार अशा वेळी गुपचूप दुसरी जादू दाखवतो. शब्द पाळला गेला. फसवणूक हाताने केली.

पूर्वपक्ष : तुम्ही सगळे स्वातंत्र्य देणाऱ्याच्या तोंडी घातलेत. ज्याच्यापुढे पर्यायच नाहीत त्याच्याविषयी तुमची ही सर्वनामे काय बोलतात? तिथे तरी कबूल करा की रशियनला परवशतेची भाषा फार चांगली येते.

उत्तरपक्ष : येते, आणि ते मी कबूलच करतो, फक्त त्याला दोष म्हणत नाही. दोन वाक्ये शेजारी ठेवू. 'या निकुदा न्ये इदू' : मी कुठेही जात नाही. 'म्न्ये न्येकुदा इत्ती' : मला जायला कुठेच जागा नाही. पहिल्यात 'मी' प्रथमेत आहे, ताठ बसला आहे. जाणे शक्य आहे आणि तो जात नाही. दुसऱ्यात 'मी'ची चतुर्थी झाली, क्रियापदाचा काळ आणि पुरुष गळून नुसते 'जाणे' उरले, आणि 'निकुदा'चा 'न्येकुदा' झाला. या 'न्ये'च्या पोटात 'नाही आहे' हा जुना अर्थ दडलेला आहे, म्हणजे जाण्याजोगे ठिकाणच अस्तित्वात नाही. नाकारलेली निवड आणि नसलेली निवड यांच्यामध्ये एका स्वराची आणि एका विभक्तीची भिंत. याच साच्यात 'न्येकोमू' (सांगायला कोणी नाही), 'न्येगद्ये' (राहायला जागा नाही), 'न्येचिवो' (खायला काही नाही) असे शब्द पडले आहेत. व्हिएर्झबिक्का यांच्या निरीक्षणातला दाणा इथे सापडतो, की रशियन माणसाला निरुपायाविषयी अचूक बोलता येते. पण अचूक बोलता येणे म्हणजे निरुपाय मान्य असणे नव्हे. आपण पगारवाढ नाकारणारा आणि पगारच नसणारा यांना एकाच क्रियापदाने बोलवत नाही, म्हणून आपण बेकारीचे भक्त ठरत नाही.

या शब्दाची सर्वांत प्रसिद्ध जागा 'गुन्हा आणि शिक्षा' या 1866च्या कादंबरीत आहे. गुत्त्यात बसलेला मार्मेलादोव, नोकरी गेलेला, घरातले पिऊन संपवलेला, मुलीच्या कमाईवर जगणारा, अनोळखी रास्कोल्निकोवला गाठून आपली कहाणी ऐकवतो, आणि त्याच्या साऱ्या बोलण्याची कळ 'न्येकुदा' या एका शब्दात आहे. दस्तयेव्स्कीला तिथे विशेषणे लागली नाहीत, सर्वनामाने भागले.

पूर्वपक्ष : आणि त्या वेळी गुत्त्याचा मालक त्याला म्हणाला असता, 'कुदा उगोदनो', जा वाटेल तिकडे?

उत्तरपक्ष : व्याकरण शुद्ध असते. आक्षेपाचा हक्क सोडलेला असता. आणि मार्मेलादोवला बरोबर कळले असते की आपल्याला बाहेर काढत आहेत.